मुक्ताच्या सॅकमधलं वाण

"हे सुनीतीबरोबर दिले नाहीत ना?"

आगाश्यांनी अनारसा तोंडापाशी नेला होता, तो तसाच परत बशीत ठेवला. श्यामसुंदर आगाशे मंदाकिनीच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. उमेदीची सगळी वर्षं शारजाच्या एका हॉटेलात हिशेब लिहून बिबवेवाडीत परतलेला हा माणूस. कुणाची स्तुती केली तर आपल्याला दंड होईल, अशा बेतानं बोलायचा.

"का हो? जमले नाहीत?" मंदाकिनीनं विचारलं.

"जमलेत. जमले नसते तर एक खाऊन गप्प बसलो असतो. वरती खसखस आहे, म्हणून विचारतोय. ती मंडळी आधी दुबईला उतरणार आहेत ना?"

"दोन दिवस. मुलांना तिथला तो उंच मनोरा बघायचाय. मग पुढे केनिया."

"तेच म्हणतो. तिकडे खसखस चालत नाही."

"कुणाला, देवाला?"

"सरकारला. अफूच्या बोंडातून येते ना ती! त्यांच्या लेखी अफू आणि खसखस सारखीच. सामानात सापडली की माणूस आत."

मंदाकिनी हसली. "काहीतरीच तुमचं आगाशे. बाळंतिणीला देतो आपण खसखस."

"बाळंतिणीला देतो हे तिथल्या पोलिसाला कुठल्या भाषेत सांगणार, वहिनी? आमच्या मेसमध्ये एक साताऱ्याकडचा पोरगा होता. आईनं रश्श्यासाठी पुडी बांधून दिलेली, एवढीशी. विमानतळावरच धरला. सुटून आला तेव्हा ओळखू येत नव्हता." त्यांनी बशी पुन्हा उचलली. "तुम्ही दिले नाहीत ना?"

"छे! सुनीती देऊ देते होय!"

हे म्हटलं तर खरं होतं. सुनीतीनं, तिच्या लेकीनं, देऊ दिलेच नव्हते. मंदाकिनीनं ते तरीही दिले होते, आणि सुनीतीला नव्हे, नऊ वर्षांच्या नातीच्या, मुक्ताच्या सॅकमध्ये, स्वेटरच्या खाली, चपट्या डब्यात तेहतीस.

आपल्या घरात येऊन तिनं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. सकाळचे नऊ वाजून गेले असतील. लेक, जावई आणि दोन्ही नातवंडं हडपसरहून गाडी करून मुंबईच्या वाटेला लागली होती. विमान दुपारचं होतं.

आता एवढं सांगितलेलं असताना या बाईनं हे का केलं, असं कुणीही विचारील. त्याला कारण होतं. महिना अधिकाचा. तीन वर्षांनी एकदा येणारा. या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, दिवा लावून, ताट पुढे करून. मंदाकिनीच्या आईनं दिले, आजीनं दिले. मागचा अधिक आला तेव्हा तिचे यजमान, दिगंबर, गेले. घरात सुतक, कसलं वाण आणि कसलं काय! त्या वर्षी राहिलं ते राहिलंच. या खेपेला महिन्याचे पहिले पंधरा दिवस जावई, श्रीनिवास, कंपनीच्या कामानं सिंगापूरला आणि उरलेले पंधरा दिवस सगळं कुटुंब सिंह बघायला केनियाला. परत येतील तेव्हा अधिक संपलेला. म्हणजे पुन्हा तीन वर्षं. मंदाकिनी अडुसष्ट वर्षांची होती आणि तीन वर्षं हा शब्द तिला पूर्वीसारखा लहान वाटत नव्हता.

शिवाय अनारसे ही तिच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट होती जिच्यावरून लोक तिला ओळखत. बाकी आयुष्य चारचौघींसारखंच. टेलिफोन खात्यात नोकरी. आधी ट्रंक बोर्डावर, मग सगळं यंत्रावर गेल्यावर चौकशीच्या खिडकीत. कानाला हेडफोन लावून जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. अर्जंट कॉल, लायटनिंग कॉल, कुणी गेल्याचे निरोप, कुणाला मुलगा झाल्याचे. जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं, मध्ये बोलायचं नाही, हा त्या नोकरीचा नियम. तो पाळून पाळून तिचा स्वभावच तसा झाला होता. पण तिच्या हातचा अनारसा तुपात कधी हसला नाही. बाकीच्या बायकांचे फुटून, विरघळून कढईभर होत आणि हिचा जाळी धरून सोनेरी होऊन वर यायचा. तांदूळ तीन दिवस भिजवणं, रोज पाणी बदलणं, गुळाशी कालवून पीठ मुरवणं, सगळं ती देवपूजेसारखं करायची.

सुनीतीनं आठवडाभर आधी फोनवर बजावलं होतं, "आई, खायचं काहीही द्यायचं नाही. चिवडा नाही, लाडू नाही, वड्या नाहीत. टूरवाल्यांनी सांगितलंय."

"का पण?"

"का ते मला माहीत नाही आणि मला वाद घालायला वेळ नाही."

सुनीतीचं बोलणं असंच. मंदाकिनीनं मनाशी म्हटलं, वजनाची भानगड असेल. एवढ्याशा डब्याचं वजन ते काय! आदल्या संध्याकाळी मुलं निरोप घ्यायला आली. श्रीनिवास ऑफिसात अडकलेला. सुनीती स्वयंपाकघरात पानं घेत होती तेव्हा मंदाकिनीनं मुक्ताला देवघरापाशी बोलावलं, सॅक उघडली, डबा आत सारला.

"हे बाबांचं आहे हं. सिंह दिसला ना, की त्यांना द्यायचं. आजीनं दिलंय म्हणायचं."

"आईला दाखवू?"

"अजिबात नाही. सिंह दिसेपर्यंत कुणाला बोलशील तर माझ्या गळ्याची शपथ."

असं तर आपण उठता-बसता म्हणतो. भाजीवालीलाही म्हणतो. मुक्तानं मात्र डोळे मोठे करून मान हलवली होती, आणि मंदाकिनीला त्या वेळी त्याचं कौतुकच वाटलं होतं.

तिनं फोन उचलला. सुनीतीनं दुसऱ्या रिंगला घेतला.

"बोल आई. काय विसरलं आमचं?"

गाडीचा आवाज येत होता. मागून बाराएक वर्षांचा माधव कुणाला तरी सांगत होता की सिंह दिवसातले वीस तास झोपतो, त्यामुळे आपल्याला झोपलेलाच दिसणार. त्यावर एक ठसठशीत आवाज हसला. विहीणबाई! हेमाताई दादरला भावाकडे जायच्या म्हणून त्याच गाडीत बसलेल्या. मंदाकिनीच्या लक्षातच नव्हतं.

"आई? बोल ना. स्पीकरवर आहेस तू."

बोलायला हवं होतं. वाक्य जिभेवर आलेलंही होतं. पण वाक्याच्या दुसऱ्या टोकाला हेमाताई बसल्या होत्या. 'आमच्याकडे बाई सुनेच्या शब्दाबाहेर काही नसतं' असं ऐटीत सांगणाऱ्या, आणि मंदाकिनीला आजवर एकदाही शब्दात न सापडलेल्या. त्यांच्यासमोर म्हणायचं की मी चोरून दिलं, पोरीकरवी?

"मुक्ता काय करतीये?" मंदाकिनीनं विचारलं.

"झोपलीये. सॅक कवटाळून. उठवू?"

"नको, नको. झोपू दे." ती म्हणाली. "नीट जा. पोचलात की कळवा."

फोन ठेवला आणि तिला स्वतःची विलक्षण किळस आली. मग मनाची समजूत घालायला लागली. विमानतळावर पोचतील तेव्हा सुनीती एकटी सापडेल, तेव्हा सांगू. हेमाताई तोवर दादरला उतरलेल्या असतील. वेळ आहे की भरपूर.

तिनं कुकर लावला. शिट्ट्या झाल्या त्या तिच्या कानावरच आल्या नाहीत. वरण खाली लागल्याचा वास आल्यावर ती उठली. अकराच्या सुमाराला फोन केला, तो वाजत राहिला. पुन्हा केला, वाजत राहिला. श्रीनिवासचा लावला तर बिझी. ऑफिसची कामं विमानाच्या पायरीपर्यंत नेणारा माणूस तो. पुन्हा सुनीती. मग मेसेज टाकला, 'फोन कर'. त्यावर सुनीतीचं उत्तर आलं, 'रांगेत आहे. बसलो की करते.' मंदाकिनीनं पटापट लिहायला घेतलं. पण तिचं लिहिणं म्हणजे एकेक अक्षर शोधून काढायचं, आणि 'मुक्ताच्या' हा शब्द पुरा होईतो तिच्या मनात पुन्हा शंका आली की रांगेत, माणसांत, सुनीती पोरीवर ओरडेल. तिनं लिहिलेलं पुसलं. बसले की करणारच आहे फोन, तेव्हा बोलूच.

फोन आला नाही. दुपारी तिनं लावला तेव्हा एक बाई सांगायला लागली की हा क्रमांक सध्या बंद आहे. मराठीत सांगून झालं, हिंदीत झालं, इंग्रजीत झालं. असल्या निर्विकार आवाजात मंदाकिनी स्वतः किती वर्षं बोलली होती! ऐकणाऱ्याचं काय होत असेल, हे तिला आज कळलं. श्रीनिवासचाही बंद. विमान उडालं होतं.

चोराच्या मनात चांदणं. तिनं घरातले पडदे ओढून घेतले, जणू पोलीस बिबवेवाडीतच यायचे होते. मग तेही असह्य होऊन तिनं समोरचं दार वाजवलं.

आगाश्यांनी दार उघडलं आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "किती दिलेत?"

"तेहतीस."

"कुणाजवळ?"

"मुक्ताजवळ."

आगाश्यांनी टोमणाही मारला नाही, तेव्हाच प्रकरण किती गंभीर आहे ते मंदाकिनीला कळलं. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं.

"लहान मुलाला काही करत नाहीत हो," ते म्हणाले. "सामान आई-बापाचं धरतात."

"हे मला धीर द्यायला सांगताय?"

"नाही. आहे ते सांगतोय. सापडेलच असंही नाही. हजारो बॅगा जातात. पण सापडली तर..." ते थांबले. "उतरल्याबरोबर त्यांना कळलं पाहिजे. बाहेर पडायच्या आधी सामान यंत्रातून जातं. त्याच्या अलीकडे कचऱ्याचे डबे असतात. तिथं टाकलं की मिटलं. तुम्ही लिहून ठेवा. उतरले की फोन सुरू करतील, विमानतळाचं वायफाय मिळेल, मेसेज जाईल."

"सुनीतीला लिहिते."

"सुनीतीला लिहा, जावयाला लिहा आणि तुमचा तो घरचा ग्रुप असेल त्यावरही लिहा. कुणाचा फोन आधी उघडेल, काय आधी बघतील, सांगता येत नाही. मुलाच्या फोनवर आहे का काही?"

"माधवला फोन नाही." मंदाकिनी म्हणाली. "ग्रुपवर हेमाताई आहेत."

"मग?"

"त्या वाचतील."

आगाश्यांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, विहिणीनं नावं ठेवल्यानं कुणी आत गेल्याचं मी तरी ऐकलं नाही."

तिनं तिथंच बसून लिहायला घेतलं. आगाशे म्हणाले मी टाइप करून देतो, तर ती नको म्हणाली. हे आपल्याच हातानं लिहायला हवं, असं तिला फार वाटत होतं. चष्म्याच्या वरून बघत, एकेक अक्षर शोधत तिनं लिहिलं: 'सुनीती, श्रीनिवासराव, मुक्ताच्या सॅकमध्ये स्वेटरखाली डबा आहे. त्यात अनारसे आहेत. मी तुम्हाला न सांगता दिले. त्याला खसखस आहे. दुबईत खसखशीला बंदी आहे, पकडतात. तपासणीच्या आधी डबा टाकून द्या. सॅक झटका. मुक्ताला रागावू नका. चूक माझी आहे.'

ते दोघांना वेगवेगळं पाठवलं, राहिला ग्रुप. त्याचं नाव 'आपली माणसं' असं होतं. त्यावर एरवी ती रोज सकाळी फुलांची चित्रं टाकायची. बोट काही क्षण त्या हिरव्या बाणावर अडलं आणि मग तिनं दाबलं.

उतरायला अजून वेळ होता. आगाशे संगणकावर विमान कुठे पोचलं ते बघत बसले. एक पिवळं चिमुकलं विमान निळ्या समुद्रावरून सरकत होतं, नव्हे, सरकतच नव्हतं. मंदाकिनी त्याच्याकडे बघत होती. त्या पिवळ्या ठिपक्यात मुक्ता खिडकीशी बसली असेल. पायाशी सॅक असेल. तिला उगाच आठवत राहिलं की मुक्ताला चपलेचा बंद अजून नीट लावता येत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. दोघंही दचकले. हेमाताई.

"मंदाकिनीताई, काय वाचतीये मी हे? लेकराच्या सॅकमध्ये?"

"हो."

"अहो, पण सुनीतीनं सांगितलं होतं ना सगळ्यांना? मी साधी सुपारीची डबी दिली नाही! माझा एकुलता एक मुलगा, त्याची नोकरी, त्याचा पासपोर्ट, उद्या काही झालं म्हणजे? आणि सकाळी तुम्ही फोन केलात तेव्हा मी गाडीत होते. तेव्हा का नाही बोललात?"

याला उत्तर होतं, पण ते हेमाताईंना सांगण्यासारखं नव्हतं. संगणकावरचं पिवळं विमान किनाऱ्याला लागलं होतं. आगाशे हातानं खूण करत होते, उतरतंय.

"हेमाताई," मंदाकिनी म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते सगळं मला मान्य आहे. नंतर समोर येऊन ऐकून घेईन. आत्ता लाइन मोकळी ठेवा."

आणि तिनं फोन कापला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती लेकीच्या, विहिणीचा फोन तिनं कधी आधी ठेवला नव्हता.

विमान उतरल्याचं संगणकानं सांगितलं. मेसेजपुढे अजून एकच टिक होती. बाहेर दिवेलागण झाली. कुणाच्या तरी घरी फोडणी पडली. आगाश्यांनी दिवा लावला नाही, की त्यांना सुचलं नाही, कोण जाणे. श्रीनिवासच्या नावापुढे दोन टिका आल्या, करड्या. मग त्या निळ्या झाल्या. मंदाकिनीनं पदराचं टोक मुठीत धरलं. उत्तर काही येईना.

फोन वाजला. नंबर श्रीनिवासचा, आवाज सुनीतीचा, दबलेला.

"आई, ती नाही म्हणतीये."

"काय?"

"मुक्ता. माझ्याकडे काही नाही म्हणतीये. सॅक छातीशी धरून बसलीये खाली, हात लावू देत नाही. ओढली तर किंचाळायला लागली. लोक बघतायत आई, तो गणवेशातला माणूस दोनदा वळून बघून गेला. श्रीनिवास सामान घेऊन रांगेत उभाय. खरं सांग मला, दिलायस का डबा?"

"दिलाय."

"मग ही खोटं का बोलतीये? मुक्ता कधी खोटं बोलत नाही माझ्याशी!"

आणि मंदाकिनीला एकदम कळलं. तिला ते देवघर दिसलं, ते मोठे झालेले डोळे दिसले. माझ्या गळ्याची शपथ. सिंह दिसेपर्यंत. मोडली तर काय होतं, हे प्रत्येक मराठी पोराला बालवाडीतच ठाऊक झालेलं असतं. तीन वर्षांपूर्वी या पोरीनं आपल्या आजोबांना घरातून उचलून नेताना पाहिलं होतं. ती दुबईच्या विमानतळावर सॅक धरून बसली नव्हती. आजीचा जीव धरून बसली होती.

"सुनीती, तिला फोन दे."

"आई, वेळ नाहीये—"

"तिच्या कानाला लाव. आणि तू बाजूला हो."

सुनीतीनं आईचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. ट्रंक बोर्डावरचा होता तो. समोरचा रडत असो, ओरडत असो, ऑपरेटरच्या आवाजात कंप येता कामा नये. फोनमधून आधी नुसतं हुंदके देणं ऐकू आलं.

"मुक्ता, मी आजी बोलतीये."

"मी नाही सांगितलं आजी. कुण्णाला नाही सांगितलं."

"मला माहितीये राणी. आता ऐक. मी शपथ सोडतीये. सुटली म्हणतीये मी. सुटली. ऐकलंस?"

पलीकडे तिनं नाक ओढलं. मग बारीक आवाज, "फोनवरून सुटते?"

"सुटते. ज्यानं घातली त्यानं कुठूनही म्हटलं तरी सुटते."

"पण सिंह नाही दिसला अजून."

"नसू दे. सुटली. तीनदा म्हणू? सुटली, सुटली, सुटली. डबा आईकडे दे."

"मग तू मरणार नाहीस ना?"

आगाशे उठून खिडकीकडे गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. मंदाकिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज तेवढा जागचा हलला नाही.

"नाही मरणार. मी इथं आगाशेकाकांकडे बसलीये. दे डबा आईला."

काहीतरी खुळखुळलं. चेन ओढल्याचा आवाज आला. मग सुनीती कुणाला तरी म्हणाली, "धर ही, सगळी उलटी कर, त्या डब्यात झटक," आणि फोन बंद झाला.

नंतरचा काळ कसा गेला, ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी असली वाट पाहिली आहे त्यांना ते माहीत आहे, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यावर ती वेळ न येवो. रात्रीचं जेवण दोघांपैकी कुणालाच गेलं नसतं म्हणून आगाश्यांनी चहा केला. दूध नासलेलं निघालं, तर कोराच केला. चहा निवला. मग ग्रुपवर श्रीनिवासचा मेसेज आला: 'बाहेर आलो. सगळे ठीक. आई, काळजी करू नका.' त्याच्याखाली लगेच हेमाताईंचा, जोडलेल्या हातांचा. सुनीतीचा वेगळा आला, एकट्या मंदाकिनीला. 'डबा टाकला. तू मला सकाळीच सांगायला हवं होतंस. मुक्ताला परत कधीही माझ्यापासून काही लपवायला सांगायचं नाही.'

मंदाकिनीनं तो दोनदा वाचला. त्यात खोडून काढण्यासारखं एक अक्षरही नव्हतं. 'बरं', असं तिनं लिहिलं.

"टाकले म्हणजे सगळेच टाकले असतील," आगाशे म्हणाले.

"हो."

"चांगले झाले होते." एवढं म्हणून ते कपबश्या विसळायला आत गेले.

केनियातून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायला लागला. माधव फोन हातात घेऊन बोलत सुटायचा. हत्तींचा कळप, जिराफाची निळी जीभ, गाडीच्या चाकापाशी येऊन बसलेली सिंहीण. ती खरोखरच झोपली होती आणि आपलं म्हणणं खरं ठरलं याचा त्याला सिंहिणीपेक्षा जास्त आनंद झाला होता. मागे तंबूची कनात, सुनीती कपड्यांच्या घड्या घालताना दिसायची. ती 'कशी आहेस' विचारायची आणि उत्तर ऐकून घड्यांकडे वळायची. श्रीनिवास मात्र अगत्यानं बोलायचा. वाणाबद्दल त्यानं काही काढलं नाही, तिनंही नाही.

मुक्ता जनावरांबद्दल एक शब्द बोलायची नाही. माधवच्या हाताखालून तोंड काढून ती पडद्याला नाक लावायची आणि आजीकडे नुसती बघत राहायची. चेहरा बघायची, गळा बघायची.

"आजी, बरी आहेस ना?"

"बरी आहे की."

"उभी राहून दाखव."

मंदाकिनी उभी राहून दाखवायची. मग मुक्ता जायची. पहिल्या दिवशी श्रीनिवास त्यावर हसला. नंतर तोही हसेनासा झाला.

आठवड्यानंतर एका दुपारी मंदाकिनीला हुडहुडी भरली. संध्याकाळपर्यंत अंग चांगलंच तापलं. आगाशे गोळी घेऊन आले, म्हणाले, आज फोन घेऊ नका, मी सांगतो झोपल्यात म्हणून.

"झोपलीये म्हणून सांगाल?" मंदाकिनी म्हणाली. "त्या पोरीला?"

आगाश्यांना ते उशिरा कळलं, पण कळलं.

ती भिंतीला धरून उठली. तोंडावर पाणी मारलं, केस विंचरले, अंगावरच्या गाउनवरून चॉकलेटी इरकली साडी गुंडाळली. कपाळाला टिकली लावली, ती वाकडी लागली, काढून पुन्हा लावली. आगाश्यांनी खुर्ची खिडकीच्या उजेडात सरकवून दिली आणि स्वतः खुर्चीच्या मागे, फोनला दिसणार नाहीत असे उभे राहिले, पडली तर धरता यावी म्हणून.

फोन वाजला. मंदाकिनीनं पाठ ताठ केली.

"आजी, उभी राहून दाखव," मुक्ता म्हणाली.

दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून मंदाकिनी उभी राहिली.